बाबांचे बिल आणि मेंदूतले रसायन

गेल्या वर्षी बाबांनी विजेचे एकच बिल तीनदा भरले. आयुष्यभर पै-पैचा हिशेब ठेवणारा माणूस! "वय झालं," म्हणत आम्ही ते हसण्यावारी नेले. ती आमची चूक.

मी इंजिनियर, डॉक्टर नव्हे. पण पुढच्या तपासण्यांत जे समजले ते सांगतो. मेंदूतल्या पेशी एकमेकींना रासायनिक निरोप धाडतात. नव्या आठवणी साठवायला लागणारे असेटिलकोलीन हे त्यातलेच एक रसायन. अल्झायमरमध्ये ते बनवणाऱ्या पेशी झडू लागतात. अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळालेले डोनेपेझिल त्याचे विघटन मंदावते; लक्षणे काहीशी सावरतात, रोग थांबत नाही.

झोपेसाठी बाबा दुकानातून ज्या गोळ्या आणत, त्यातले डायफेनहायड्रामाइन नेमके याच रसायनाचे काम अडवते. डॉक्टरांनी प्रथम त्या बंद केल्या. बी-१२ आणि थायरॉईडही तपासले, कारण त्यांच्या कमतरतेनेही विसर पडतो आणि तो उपचाराने सुधारू शकतो. शाकाहारी घरांनी बी-१२ कडे विशेष लक्ष द्यावे.

बाबांना मात्र अल्झायमरची सुरुवातच निघाली.

आता पैशांचे. मेडिकेअर दीर्घकाळच्या रोजच्या देखभालीचा खर्च देत नाही. पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीवरची सही माणसाला समज असतानाच चालते. म्हणून हा विषय आजच काढा, संकोच नको.

बाबांनी सही करण्यापूर्वी कागद दोनदा वाचला आणि माझ्या नावातली स्पेलिंगची चूक काढून दाखवली.