पोटातली आग आणि दुर्बिणीचा भाव

उसाच्या फडातून संध्याकाळी परतलेली बाई चूल पेटवण्याआधी किराणा दुकानात जाते आणि अॅसिडिटीची पुडी मागते. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करून आलेला कंत्राटी कामगार औषधाच्या दुकानातून पोटाची गोळी आणि अंगदुखीची गोळी एकाच कागदात बांधून घेतो. अंगदुखीच्या गोळीने पोटात जखम होते आणि पोटाच्या गोळीने ती जखम झाकली जाते, हे त्याला कोणी सांगत नाही. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत आमच्या वस्त्यांमधून हिंडताना हे चित्र आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. म्हणून आजचा विषय पोटाचा आहे. दुर्बिणीतून पोट तपासायला किती पैसे लागतात, ती तपासणी कुठे होते आणि कुणाला परवडते, याचा विचार आज करायचा आहे.

आमच्या नात्यातली एक मावशी दौंड तालुक्यात राहते. तिला लहानपणापासून मशेरीची सवय. दीड वर्ष ती म्हणत होती, "भाकरी घशाखाली उतरत नाही रे." चहात बुडवून खायची, पुढे तेही जमेना. गावच्या डॉक्टरांनी अॅसिडिटी म्हणून गोळ्या दिल्या. शेवटी कोणीतरी दुर्बिणीची तपासणी सुचवली. आम्ही एका खासगी दवाखान्यात फोन केला, तेव्हा भाव सांगितला बावीसशे रुपये. घरच्यांनी तीन महिने पैसे साठवले. प्रत्यक्षात गेल्यावर रक्ताच्या तपासण्या, गुंगीचे इंजेक्शन, खाटेचे भाडे, तुकडा काढण्याचे वेगळे आणि तो तुकडा तपासण्याचे वेगळे असे मिळून सात हजारांच्या पुढे आकडा गेला. मावशी उपाशीपोटीच घरी परत आली. पुढे सरकारी रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा अन्ननलिकेत गाठ निघाली आणि शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती. मधल्या महिन्यांचा हिशेब कोणी द्यायचा? दवाखान्याने खोटे सांगितले नव्हते, दुर्बिणीचा भाव बावीसशेच होता. आम्हाला प्रश्न विचारता आला नाही, ही आमची चूक. आणि प्रश्न न विचारणाऱ्याला पूर्ण उत्तर द्यायचे नाही, ही या व्यवस्थेची रीत.

ही तपासणी म्हणजे काय, हे आधी समजून घेतले पाहिजे. बोटाएवढी जाड, लवचिक नळी तोंडातून अन्ननलिकेत, तिथून जठरात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागापर्यंत नेली जाते. टोकाला दिवा आणि कॅमेरा असतो. तपासणी साधारण पाच ते पंधरा मिनिटांत होते. त्याआधी सहा ते आठ तास पोट रिकामे ठेवावे लागते. जर्मनीत १८६८ साली डॉ. कुसमाउल यांनी जिवंत माणसाच्या जठरात पहिल्यांदा नळीतून डोकावून पाहिले, तेव्हा तो प्रयोग त्यांनी एका तलवार गिळणाऱ्या कसरतपटूवर केला होता. म्हणजे वैद्यकशास्त्राला ही वाट रस्त्यावर खेळ करून पोट भरणाऱ्या माणसाने दाखवली. आज त्याच माणसाच्या जातकुळीतल्या कष्टकऱ्याला ती तपासणी परवडत नाही, हा केवढा विरोधाभास!

पोटात जळजळ झाली की प्रत्येकाने दुर्बीण घालून घ्यावी, असे मात्र आम्ही मुळीच म्हणत नाही. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू जठराच्या व्रणाचे मोठे कारण आहे. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये तो शोधला आणि त्यांना २००५ चे नोबेल मिळाले. हा जंतू शौचाच्या किंवा श्वासाच्या चाचणीतूनही कळतो आणि साधारण दोन आठवड्यांच्या औषधांनी बहुतेकांचा जातो. तरुण माणसाला धोक्याची लक्षणे नसतील, तर डॉक्टर आधी हा मार्ग धरू शकतात. परंतु घास अडकणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, कारण नसताना वजन उतरणे, रक्त कमी होणे, उलट्या न थांबणे यांपैकी काहीही असेल तर पुडीवर एक दिवसही घालवू नये. साठीच्या आसपास नव्याने सुरू झालेली जळजळही दुर्लक्षित करू नये. तंबाखू, मशेरी आणि दारू यांची सवय असेल तर अधिकच सावध राहिले पाहिजे.

आता मुद्दा पैशाचा. आमच्या भागातून माणसाला कुठे कुठे जाता येते? शिरूर पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर आहे. पुणे सुमारे सत्तर किलोमीटर, अहिल्यानगर त्याहून जवळ. दौंड रेल्वेचे जंक्शन. पुणे पाऊणशे किलोमीटर, बारामती चाळीस-पंचेचाळीस. ग्रामीण रुग्णालयाच्या मंजूर पदांत पोटविकारतज्ज्ञ नसतो. म्हणून तालुक्याच्या ठिकाणी ही तपासणी बहुधा खासगीत, बाहेरून ठरावीक दिवशी येणाऱ्या डॉक्टरांच्या भरवशावर होते. सरकारी सोय शोधायची तर औंधचे जिल्हा रुग्णालय, पुण्याचे ससून किंवा २०१९ मध्ये सुरू झालेले बारामतीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अशी वाट धरावी लागते.

येथे एक फरक आपल्या लोकांना माहीत असायला हवा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत करण्यात आले. ससूनसारखी वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालये त्या निर्णयात नव्हती. तिथे शुल्क आहे, पण खासगीच्या मानाने फार कमी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कार्ड घेऊन लोक जातात आणि "यात बसत नाही" हे ऐकून निराश होतात. ती योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. नुसती तपासणी करून घरी येणाऱ्याला तिचा उपयोग होईलच असे नाही. मात्र तपासणीत गाठ किंवा रक्तस्राव निघाला तर पुढच्या उपचारांसाठी हेच कार्ड आधार ठरते. म्हणून ते आधीच काढून ठेवावे.

फुकट आणि स्वस्त यांतही अंतर आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयात पहिल्या दिवशी केसपेपर आणि तारीख मिळते, तपासणी दुसऱ्या खेपेला होते आणि तुकड्याचा अहवाल घ्यायला तिसरी खेप. सोबत माणूस लागतो. म्हणजे तीन दिवसांची दोन माणसांची मजुरी बुडाली. पहाटे उपाशी निघायचे, दुपारपर्यंत ओळीत बसायचे. हा खर्च कुठल्याच दरपत्रकात लिहिलेला नसतो, पण फडातल्या मजुराला तोच पहिला दिसतो. दौंडच्या माणसासाठी रेल्वेने पुणे स्टेशन गाठले की ससून पायी चालण्याच्या अंतरावर आहे, ही एक सोय. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, तेही हिशेबात धरावे. आणि घशात फवारा मारूनच तपासणी करून घेतली तर गुंगी नसते, माणूस थोड्या वेळाने आपल्या पायाने घरी जातो. गुंगीचे इंजेक्शन घेतले तर सोबती हवाच आणि त्या दिवशी मोटारसायकल चालवायची नाही. घाबरट माणसाला गुंगी बरी, पण निवड आपली असते हे माहीत पाहिजे.

म्हणून खासगीत फोन करताना "किती पैसे?" एवढेच विचारून फोन ठेवू नका. विचारा : सर्व मिळून किती? तुकडा काढला तर किती आणि तो तपासायचे किती? रक्ताच्या कोणत्या चाचण्या आणि त्या का? तपासणी कोण करणार आणि त्यांचे शिक्षण काय? गुंगी दिली तर बोटाला प्राणवायू मोजणारे यंत्र लावतात का, ऑक्सिजन हाताशी आहे का? फोटोसह लेखी अहवाल त्याच दिवशी मिळेल का? आणि सर्वांत महत्त्वाचे, दोन रुग्णांच्या मध्ये दुर्बीण कशी धुतात? एका रुग्णानंतर ती ब्रशने आतून घासून, विशिष्ट द्रावणाने धुऊन, मग जंतुनाशकात ठरावीक वेळ बुडवून ठेवावी लागते. याला अर्धा तास तरी जातो. एकच दुर्बीण आणि एका सकाळी वीस रुग्ण असतील तर गणित तुम्हीच करा. पाचशे रुपये वाचवून कावीळ घरी आणण्यात कसली बचत?

दरपत्रक लावणे ही दवाखान्याची मेहेरबानी नव्हे. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत जानेवारी २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार रुग्णहक्कांची सनद आणि प्रमुख सेवांचे दर दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. धर्मादाय रुग्णालयांना तर मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात, शिवाय बिलाच्या उत्पन्नातून दोन टक्के निधी त्यासाठी बाजूला ठेवावा लागतो. तिथे जाताना उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड सोबत ठेवा आणि थेट समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा.

रांजणगाव आणि कुरकुंभच्या कामगार बांधवांना वेगळे सांगायचे आहे. तुमच्या पगारातून ईएसआयचे पैसे कापले जातात का, हे पगारपत्रकावर पाहा. कापले जात असतील तर ही तपासणी तुमचा हक्क आहे. तो हक्क आकाशातून पडलेला नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्याच काळात १९४३ मध्ये प्रा. अडारकरांकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम दिले गेले, १९४४ मध्ये अहवाल आला आणि त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. कंत्राटदार पैसे कापतो आणि कार्ड देत नाही, असे होत असेल तर गप्प बसणे म्हणजे त्या वारशावर पाणी सोडणे होय.

राज्यघटनेच्या ४७ व्या कलमाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले आहे. पश्चिम बंगालमधील शेतमजूर समितीच्या खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सरकारी रुग्णालयाने तातडीचे उपचार नाकारणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. मग ज्या तालुक्यांत साखर कारखाने आणि औद्योगिक वसाहती उभ्या आहेत, तिथल्या सरकारी रुग्णालयांत आठवड्यातून एक दिवस दुर्बिणीची तपासणी का होऊ नये? यंत्र आणि सफाईची व्यवस्था जिल्हा वार्षिक योजनेतून होऊ शकते. डॉक्टर जिल्हा रुग्णालयातून किंवा वैद्यकीय महाविद्यालयातून फिरत्या पद्धतीने येऊ शकतात.

कार्यकर्त्यांनी एवढे तरी करावे. माहिती अधिकारात तालुक्याच्या रुग्णालयाला विचारा : येथे दुर्बीण आहे काय, चालू आहे काय, गेल्या वर्षी किती तपासण्या झाल्या, नसेल तर मागणी कधी केली? उत्तर येईल ते बुद्धविहारात वाचून दाखवा. त्याच बैठकीत आसपासच्या खासगी दवाखान्यांचे "सर्व मिळून" दर एका वहीत लिहून ठेवा आणि ती वही गावात फिरू द्या. पुढच्या मावशीने फोन केला तर तिच्या हातात ती वही असली पाहिजे.

आमच्या मावशीच्या वेळी आमच्याकडे अशी वही नव्हती. ती असती तर आम्ही तीन महिने पैसे साठवण्यात घालवले नसते. दुसऱ्याच दिवशी सकाळी तिला घेऊन दौंड स्टेशनवर उभे राहिलो असतो.