ताठरतेची तक्रार आणि डॉप्लर तपासणी

दवाखान्यातली गर्दी ओसरल्यावर एक परिचित दुकानदार आत आले. वय ५२, मधुमेह १२ वर्षांचा. ॲसिडिटीचे निमित्त सांगून झाल्यावर मान खाली घालून म्हणाले, "डॉक्टर, वर्ष झालं, ताठरताच येत नाही. लॉजवरच्या वैद्याकडे बराच पैसा घातला." इतकी वर्षे मी त्यांची साखर तपासत होतो, हा प्रश्न मीही कधी विचारला नव्हता.

शिश्नातील धमन्या रुंदावल्या की आतल्या स्पंजासारख्या भागात रक्त भरते. त्या दाबाने नीला दबतात व रक्त आत टिकते. हीच ताठरता. रक्त कमी आले किंवा टिकले नाही की तक्रार सुरू होते. मात्र पहाटे ताठरता नीट येत असेल तर कारण बहुधा मानसिक असते.

रक्तपुरवठ्यातला दोष कलर डॉप्लर सोनोग्राफीने कळतो. बारीक सुईने शिश्नात औषध टोचून ताठरता आणतात आणि रक्ताचा वेग मोजतात. हृदयाच्या ठोक्याबरोबर धमनीतला कमाल वेग सेकंदाला २५ सेंमीपेक्षा कमी भरला, तर धमनी अरुंद झाली असे समजतात. तो वेग चांगला असूनही दोन ठोक्यांच्या मध्ये रक्त ५ सेंमीहून अधिक वेगाने वाहत राहिले, तर नीलेतून गळतीचा संशय घेतात. रुग्ण घाबरलेला असेल तर निष्कर्ष चुकू शकतो. तपासणीनंतर ४ तासांत ताठरता उतरली नाही, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे.

ही तपासणी सर्वांना लागत नाही. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, तंबाखू आणि चालू औषधे यांचा विचार आधी करावा लागतो.

आमच्या गृहस्थांना गोळ्यांनी गुण आला नाही, म्हणून मूत्ररोगतज्ज्ञांनी डॉप्लर केली. दोन्ही धमन्यांतला वेग कमी निघाला. शिश्नाची धमनी जेमतेम १ मिमी, तर हृदयाची ३ ते ४ मिमी. धमन्यांत चरबी साचू लागली की लहान नळी आधी तुंबते. म्हणून त्यांना हृदयतज्ज्ञांकडे पाठवले. छातीत एकदाही दुखले नव्हते, तरी हृदयाच्या एका धमनीत मोठा अडथळा सापडला. वेळीच उपचार झाले.

वाचकहो, जाहिरातीतल्या गोळ्या मनाने घेऊ नका. हृदयविकारासाठी नायट्रेटची गोळी चालू असेल, तर ताठरतेच्या काही गोळ्यांनी रक्तदाब एकदम उतरून जीवावर बेतू शकते. ही तक्रार लपवू नका. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा.