परवाना एकदा, पात्रता पुन्हा पुन्हा

मागच्या वेळी दहिवडीत व्याख्यान संपल्यावर एक मुलगा मागे थांबला होता. त्याला हेलिकॉप्टरचा पायलट व्हायचंय, आणि त्यासाठी घरी जमिनीचा तुकडा विकायची बोलणी चाललीत. त्याने विचारलं, "सर, एकदा लायसन मिळालं की कुठलंही हेलिकॉप्टर चालवता येतं ना?" आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे शिक्षक. पण 'येतं' म्हणजे काय, हा प्रश्न आमच्याच प्रांतातला आहे. म्हणून आज तोच घेऊ.

उत्तर सरळ आहे : नाही. मोटारीचं लायसन असलं की आपण आज एका कंपनीची गाडी चालवतो, उद्या दुसरीची. हेलिकॉप्टरचं तसं नाही. परवाना सांगतो की हा माणूस वैमानिक आहे. तो कोणत्या प्रकारचं हेलिकॉप्टर चालवू शकतो, याची नोंद त्या परवान्यावर वेगळी करून घ्यावी लागते. तिला टाइप रेटिंग म्हणतात. आपल्याकडे ती नोंद नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए करतं. त्यासाठी त्या यंत्राचा अभ्यास, तांत्रिक परीक्षा, त्याच प्रकारावर उड्डाणाचं शिक्षण आणि शेवटी परीक्षकासमोर चाचणी द्यावी लागते. दुसरा प्रकार हवा असेल, तर त्याची तयारी आणि चाचणी पुन्हा वेगळी.

हा नुसता कागदांचा खेळ आहे का? मुंबईच्या जुहू विमानतळाचं उदाहरण घेऊ. तिथून हेलिकॉप्टरं समुद्रातल्या तेलक्षेत्रावर कर्मचाऱ्यांना नेतात. या कामावर 'पवनहंस'ची फ्रेंच बनावटीची डॉफिन उडाली आणि अमेरिकन सिकॉर्स्की एस-७६ सुद्धा. विमानतळ एकच, समुद्र एकच. पण वरून पाहिलं तर डॉफिनचा मोठा पंखा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो आणि सिकॉर्स्कीचा उलट. पंखा ज्या दिशेने फिरतो, त्याच्या विरुद्ध दिशेला हेलिकॉप्टरचं धड वळू पाहतं. ते शेपटीच्या पंख्याने रोखायचं, आणि तो पंखा पायांतल्या पेडलांनी सांभाळायचा. म्हणजे जोर वाढवला की सिकॉर्स्कीत डावा पाय दाबायचा, डॉफिनमध्ये उजवा.

आपल्या माणदेशात हे समजावून सांगायला नको. खिलार बैल जुवाच्या उजव्या बाजूला कामाला लागलेला असेल, तर त्याला डावीकडे जुंपल्यावर तो बावचळतो. बैल तोच, ताकद तीच, फक्त सवय उलटी. वैमानिकाच्या पायांचंही तसंच होतं.

इंजिन बंद पडलं तर गोष्ट आणखी बिकट. तेव्हा डाव्या हातातला दांडा ताबडतोब खाली करायचा, म्हणजे खालून येणाऱ्या हवेवर पाती फिरत राहतात आणि यंत्र जमिनीवर उतरवता येतं. जड पाती थोडी सवड देतात, हलकी पाती फारच कमी. त्या क्षणी पुस्तक आठवत बसायला वेळ नसतो. गिल्बर्ट राइल या इंग्रज तत्त्वज्ञाने १९४९ मध्ये एक भेद ठळकपणे मांडला : अमुक आहे हे माहीत असणं वेगळं, आणि अमुक करता येणं वेगळं. लेखी परीक्षा पहिलं तपासते, उड्डाणाची चाचणी दुसरं.

आता दुसरा भाग, रेटिंग टिकवण्याचा. करता येणारी गोष्ट न केल्यास गंजते. म्हणून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं मानक असं की, व्यावसायिक उड्डाणाच्या मुख्य वैमानिकाने मागच्या ९० दिवसांत त्याच प्रकारच्या हेलिकॉप्टरवर निदान ३ उड्डाणं आणि ३ अवतरणं केलेली असावीत. शिवाय वर्षातून २ वेळा कौशल्याची तपासणी. त्या दोन तपासण्या लागोपाठ उरकून मोकळं होता येत नाही, मध्ये पुरेसं अंतर लागतं. युरोपात तर हेलिकॉप्टरचं रेटिंग १ वर्षच चालतं. मुदत टळली तर नुसता अर्ज करून भागत नाही, गरजेप्रमाणे उजळणी आणि चाचणी आलीच.

खरं सांगायचं तर हे नियम वाचताना आम्हाला थोडं ओशाळल्यासारखं झालं. आम्हाला डॉक्टरेट मिळाली, त्यानंतर निवृत्त होईपर्यंत कोणी विचारलं नाही की, तुमचा विषय तुम्हाला अजून येतो का? आमच्या चुकीने कोणी समुद्रात पडणार नव्हतं, हे खरं. पण समोर मुलं बसलेली होतीच ना! आपण ज्ञानाला मिळकत समजतो, एकदा सातबाऱ्यावर नाव लागलं की झालं. वैमानिकाला तशी सोय नाही.

त्या मुलाला आम्ही इतकंच सांगितलं : जमीन विकण्याआधी फक्त परवान्याचा खर्च विचारू नकोस. परवाना हाती आल्यावर कोणत्या प्रकारावर काम मिळेल, त्या रेटिंगचा खर्च तू करणार की नोकरी देणारा, आणि नोकरी मिळेपर्यंत हात चालू कसा ठेवणार, हे तिन्ही प्रश्न विचार. उत्तरं कागदावर लिही आणि घरच्यांसमोर वाच. मग ठरवा.