गावाची सून जाणार कुठं?

सरकारी मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस झालं की वर्षभर सरकारी सेवा करायची, असा महाराष्ट्रात बॉण्ड आहे. आडवळणाचं प्राथमिक आरोग्य केंद्र वाट्याला आलेला डॉक्टर रुजू होतो, क्वार्टरमध्ये पीजीची पुस्तकं मांडतो आणि वर्ष भरलं की कार्यमुक्त होतो. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. जोडीदाराला काम नाही, मुलांना धड शाळा नाही, अशा ठिकाणी बॉण्डच्या जोरावर माणूस आणता येतो. ठेवता येत नाही.

जामखेडला हे पन्नास वर्षांपूर्वीच कळलं होतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथं खेड्यांच्या आरोग्याचं काम सुरू केलं, तेव्हा त्यांनीही आधी रीतसर शिकलेल्या नर्सनाच खेड्यांत पाठवून पाहिलं. त्या काही रुळल्या नाहीत. मग गावातलीच बाई निवडून तिला शिकवायचं ठरलं. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती, कित्येक दलित होत्या. जामखेडला येऊन त्या एकत्र राहायच्या, एकत्र जेवायच्या आणि परत जाऊन बाळंतपणं करायच्या. त्यांची बदली होणार नव्हती. घर तिथंच, शेत तिथंच.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं हाच धागा पुढं नेला. ३९ गावांत आरोग्यदूत बायका बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या. झोळीच्या काट्यावर बाळ तोलायचं, काखेत थर्मामीटर धरायचा, घड्याळ लावून मिनिटभर श्वास मोजायचे. ऐकायला सोपं वाटतं. पण बाळ हात-पाय झाडतं, रडतं, की मोजणी पुन्हा एकपासून. आकडा साठ किंवा त्याहून जास्त भरला, की धोका. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात बालमृत्यू, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानानं, ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’नं हा अभ्यास छापला आणि २०११ पासून हे काम देशभरच्या ‘आशा’ या गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांकडे आलं.

२००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेल्या या ‘आशा’ची निवड कशी करायची, ते नियमात लिहिलं आहे: त्याच गावची रहिवासी, विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित, शक्यतो २५ ते ४५ वयाची. कुमारिका का नको? लेक लग्न होऊन गाव सोडते, सून मागं राहते. मला हा नियम वाचताना नेहमी थोडी लाज वाटते. माणसं टिकत नाहीत या दुखण्यावर सरकारनं पगाराचं औषध दिलंच नाही, रूढीच उगाळून लावली.

आणि जी जाणारच नाही, तिला जास्त कशाला द्यायचं? दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा खेपा; त्यांचा ठरलेला मोबदला सगळा मिळून २५० रुपये. पावसाळ्यात नाला भरला तर खेप वाढते, रक्कम नाही. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या आशांना जागतिक पुरस्कार दिला. त्यानंतर दोन वर्षांच्या आत महाराष्ट्रातल्या आशा संपावर जाऊन मुंबईच्या आझाद मैदानात बसल्या होत्या. मार्च २०२४ मध्ये राज्यानं त्यांच्या मानधनात महिना ५ हजारांची वाढ केली. सरकारी कागदावर त्यांचं पदनाम मात्र ‘स्वयंसेविका’ हेच राहिलं.