इंजिनाचा मेंदू बदलण्यापूर्वी

माझ्या एका मित्राचा मुलगा पावसाळा संपता संपता माझ्याकडे आला. त्याची गाडी खंबाटकी घाट चढताना बंद पडली होती आणि ती टेम्पोत घालून आणावी लागली होती. गाडी साधी, पेट्रोलवर चालणारी. पण पठ्ठ्याने तिला हौसेने टर्बोचार्जर बसवून घेतला होता. ज्या गॅरेजात हे काम झाले, तिथे त्याला सोबत काडेपेटीएवढी एक डबी जोडून मिळाली. ‘ही डबी इंजिनाच्या कॉम्प्युटरला सगळे समजावून सांगेल,’ असे त्याला सांगण्यात आले होते. आम्ही इंजिन उघडले. एका पिस्टनची कड मेणासारखी वितळली होती. इंजिनकामात माझे केस पांढरे झाले आहेत, त्यामुळे मला नवल वाटले नाही. नवल वाटले ते त्याच्या प्रश्नाचे. तो म्हणाला, ‘काका, आता कोणता कॉम्प्युटर घेऊ?’

हा प्रश्न आज अनेक तरुणांना पडतो. त्याचे उत्तर द्यायचे, तर हा कॉम्प्युटर करतो काय, हे आधी समजून घ्यायला हवे.

जुन्या ॲम्बॅसिडर किंवा प्रीमियर पद्मिनीत हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण कार्बुरेटर करी आणि ठिणगीची वेळ डिस्ट्रिब्युटर सांभाळी. मिस्त्री कान लावून, स्क्रू फिरवून गाडी ‘ट्यून’ करत. पुढे ही दोन्ही कामे इलेक्ट्रॉनिक यंत्राकडे गेली. बॉश कंपनीने १९७९ मध्ये मोट्रॉनिक नावाची यंत्रणा बीएमडब्ल्यूच्या गाडीत आणली, त्यात इंधन आणि ठिणगी या दोन्हींचा कारभार एकाच पेटीकडे होता. आज प्रत्येक गाडीत अशी पेटी असते. तिला ईसीयू म्हणतात.

या पेटीत मुख्यतः तक्ते असतात. शाळेतल्या पाढ्यांच्या तक्त्यासारखेच. एका बाजूला इंजिनाचे फेरे, दुसऱ्या बाजूला इंजिनात शिरणारी हवा. दोन्ही जिथे मिळतात त्या चौकटीत आकडा असतो, की इतके पेट्रोल सोड, या क्षणी ठिणगी टाक. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा ठिणगी पडते. दर वेळी तक्ता पाहायचा आणि हुकूम सोडायचा. एक किलो पेट्रोल पुरते जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. पूर्ण जोर हवा असेल, तर पेट्रोल थोडे जास्त द्यावे लागते, कारण जादा पेट्रोल ज्वलनाची उष्णता आवरते. टर्बो असेल तर आणखी जास्त.

आता त्या मुलाच्या गाडीत काय झाले ते पाहा. टर्बो म्हणजे हवा कोंबणारा पंखा. पण त्याच्या गाडीतला हवेचा दाब मोजणारा सेन्सर नेहमीच्या वातावरणाच्या दाबापर्यंतच मोजणारा होता. त्यापुढचा दाब त्याला दिसतच नव्हता. इंजिनात हवा जास्त जात होती आणि कॉम्प्युटर मात्र जुन्या हिशेबाने पेट्रोल देत होता. डबीने थोडेफार पेट्रोल वाढवले, पण घाटात, पूर्ण ॲक्सिलरेटर दाबलेला असताना, ते पुरले नाही. धुराड्यातला ऑक्सिजन सेन्सर चूक दुरुस्त करतो हे खरे, पण साध्या गाडीत तो हे काम सावकाश, एकसारखे चालवतानाच करतो. पूर्ण जोरावर कॉम्प्युटर त्याचे ऐकत नाही. मिश्रण पातळ झाले, नॉकिंग सुरू झाले आणि पिस्टन गेला.

आता ते तीन पर्याय.

पहिला, रीमॅप. पेटी तीच, आतले तक्ते बदलायचे. स्टिअरिंगखालच्या तपासणीच्या सॉकेटला लॅपटॉप जोडून हे बहुतेक गाड्यांत करता येते. फायदा असा, की सकाळी थंड इंजिन सुरू होणे, एसी लावल्यावर इंजिन न दबणे, चोरीविरोधी कुलूप, धोक्याचे दिवे हे सगळे जसेच्या तसे राहते. मूळचे टर्बो असलेल्या गाडीत, विशेषतः डिझेलमध्ये, जोर चांगला वाढतो. बिनटर्बोच्या पेट्रोल गाडीत मात्र हाती फारसे लागत नाही. ते चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शिवाय सर्व्हिसिंगमध्ये नवे सॉफ्टवेअर भरले गेले, तर तुमचे तक्ते पुसले जाऊ शकतात आणि वॉरंटीवर पाणी सोडावे लागू शकते.

दुसरा, पिगीबॅक, म्हणजे ती डबी. ती सेन्सर आणि कॉम्प्युटर यांच्या मध्ये बसते आणि कॉम्प्युटरला खोटे सांगते. डिझेल गाडीत ती सांगते की इंधनाचा दाब कमी आहे. कॉम्प्युटर बिचारा दाब वाढवतो. स्वस्त, तासाभरात बसते, काढताही येते. पण ज्या कॉम्प्युटरने इंजिन सांभाळायचे, त्यालाच आपण अंधारात ठेवतो. अनेक कॉम्प्युटर कालांतराने हा फरक ओळखतात आणि आपला हिशेब सुधारून डबीचा परिणाम पुसून टाकतात. थोड्या बदलासाठी, चांगल्या हातांनी बसवलेली डबी चालून जाते. मोठ्या बदलासाठी ती चालत नाही.

तिसरा, स्टँडअलोन. मूळ पेटी बाजूला काढून पूर्ण नवी पेटी. शर्यतीच्या गाड्यांत हीच असते. ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो या दोघा अमेरिकनांनी २००१ मध्ये मेगास्क्वर्ट नावाची, घरी जोडता येण्याजोगी पेटी आणली, तेव्हापासून हा मार्ग हौशी माणसाच्याही आवाक्यात आला. यात सेन्सर हवा तो लावा, तक्ता हवा तसा भरा. पण भरायचा सगळा, कोऱ्या पाटीवर. महाबळेश्वरची थंड सकाळ, नागपूरचा मे महिना, एसी चालू असताना सिग्नलला उभे राहणे, या प्रत्येक वेळचे आकडे कुणीतरी बसवायला हवेत. कंपनीचे अभियंते यावर महिनोन्‌महिने घालवतात. नव्या गाड्यांत मीटर, ब्रेक, कुलूप एकमेकांशी बोलत असतात. पेटी बदलली की हे संभाषण तुटू शकते.

मग निवडायचे कसे? माझे उत्तर एका वाक्याचे आहे. इंजिनात बदल जेवढा, तेवढाच कॉम्प्युटरमध्ये बदल. मूळ यंत्रसामग्री तशीच असेल, तर रीमॅप. हवा मोजण्याची पद्धतच अपुरी पडत असेल, तर सेन्सर बदलणे आले. मूळ पेटी तो सेन्सर आणि नवे तक्ते स्वीकारत नसेल, तरच स्टँडअलोन.

पण पेटीपेक्षा महत्त्वाचा असतो ती भरणारा माणूस. तबला कितीही उत्तम असला तरी वाजवणारा हवा. त्या माणसाला तीन गोष्टी विचारा. गाडी डायनोवर, म्हणजे रुळांवर पळवून जोर मोजणाऱ्या यंत्रावर, आधी आणि नंतर चढवणार का? पूर्ण जोरावर मिश्रण किती दाट आहे, हे धुराड्यात वाइडबँड सेन्सर लावून मोजणार का? मूळ तक्ता जपून ठेवून परत भरून देणार का? तिन्हींची उत्तरे ‘हो’ असतील, तरच पुढे जा. ‘मला आवाजावरून कळते’ असे उत्तर आले, तर नमस्कार करून निघा. आणखी एक. आता आपल्या पंपांवर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. त्याला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावे लागते. तक्ता ज्या इंधनावर गाडी चालवणार, त्याच इंधनावर जुळवलेला हवा.

‘कंपनीने जोर मुद्दाम दाबून ठेवलेला असतो,’ असे नेहमी ऐकू येते. फियाटचे १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन आठवा. पुण्याजवळ रांजणगावलाही ते बनत असे. ते ७५ अश्वशक्तीचेही होते आणि ९० चेही. लोक म्हणत, फरक फक्त सॉफ्टवेअरचा. तसे नव्हते. ९० वाल्याचा टर्बोच वेगळा, पाती हलणारा होता. कंपनी थोडी ताकद राखून ठेवते हे खरे, पण ती ठेवते भेसळीच्या इंधनासाठी, उन्हाळ्यासाठी, पाच माणसे आणि सामान घेऊन घाट चढण्यासाठी. रीमॅप करताना आपण ही शिल्लकच खर्च करतो.

शेवटी कायद्याचे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने वाहनाच्या मूळ तपशिलात मनाजोगते बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. पीयूसी मिळाली म्हणजे झाले, असेही नाही. पेट्रोल गाडीची ती तपासणी गाडी उभी असताना होते, घाटात पूर्ण जोरावर काय बाहेर पडते हे तिला कळत नाही. डिझेलचा फिल्टर काढून टाकून जोर वाढवणारे तर मागच्या स्कूटरवाल्याच्या फुफ्फुसांची किंमत मोजून वेग घेतात.

त्या मुलाला मी हे सगळे सांगितले. तो म्हणाला, ‘म्हणजे हौस करायचीच नाही का?’ मी म्हटले, ‘कर की. पण रस्त्याची गाडी रस्त्यासाठी ठेव. हौसेची गाडी वेगळी घे, ती बंदिस्त ट्रॅकवर पळव, तिथे स्टँडअलोन लाव, तक्ते स्वतः भरायला शीक.’ त्याने पिस्टन बदलला, टर्बो उतरवला, मूळ तक्त्यावर गाडी परत आणली. या दिवाळीत आईवडिलांना घेऊन तो खंबाटकी चढून कोल्हापूरला जाऊन आला. वितळलेला पिस्टन मात्र त्याने टाकून दिलेला नाही. टेबलावर कागद दाबायला ठेवला आहे.