हिवाळ्याचा वास, बर्फाच्या पेल्यात

गेल्या डिसेंबरात मी भाचीकडे मेलबर्नला होते. नाताळ चार दिवसांवर आला होता, बाहेर पारा ३८ अंशांवर आणि दुकानांच्या काचांवर मात्र कापसाचा बर्फ चिकटवलेला. दक्षिण गोलार्धातला नाताळ असाच. सजावट सगळी उत्तरेकडच्या कडाक्याच्या थंडीची आणि लोक चड्डी-बनियनवर. खाण्यापिण्याचंही तेच. आलं, दालचिनी, लवंग, जायफळ आणि काळपट मळी घालून केलेला जिंजरब्रेड हा शेकोटीजवळ बसून खायचा पदार्थ. तोच इथे बर्फाच्या पेल्यात उतरतो, कारण गरम प्यायला कुणाला हिंमत होते?

“मावशी, तुला आज जिंजरब्रेड आइस्ड कॉफी पाजते,” भाची म्हणाली. फ्रिजमधली गार कॉफी, गार दूध, बर्फ, दोन चमचे साखर आणि सुंठ, दालचिनी, लवंग, जायफळ यांची आयती मिळणारी मिश्र पूड, एवढं तिने पेल्यात घालून ढवळलं. पूड वरच तरंगत राहिली. साखर तळाशी बसली. मी घोट घेतला तर जिभेवर काहीतरी बुळबुळीत आलं आणि चव भिजलेल्या लाकडाच्या भुशाची. नाताळ कुठेच नव्हता. भाचीने पुडीच्या बरणीकडे संशयाने पाहिलं आणि आणखी अर्धा चमचा घातली. भुसा वाढला, इतकंच.

पूड ताजी होती, वास चांगला होता. दोष बर्फाचा होता.

आपण ज्याला ‘चव’ म्हणतो त्यातला मोठा भाग नाकाचा असतो, हे सर्दी झालेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. घोट गिळला की तोंडातली हवा घशामागून नाकात चढते आणि तिथे दालचिनी ‘कळते’. त्यासाठी दालचिनीचे रेणू आधी पाण्यातून उडून हवेत यायला हवेत. दालचिनीच्या वासाचा मुख्य रेणू सिनॅमाल्डिहाइड २४८ अंशांना उकळतो, लवंगेतला युजेनॉल २५४ अंशांना. म्हणजे हे मुळातच जड, आळशी रेणू. गरम कॉफीवर वाफेबरोबर ते भराभर वर येतात, पण तापमान १० अंशांनी उतरलं की त्यांचं उडणं साधारण निम्म्यावर येतं. ६० अंशांच्या कॉफीतून ५ अंशांच्या कॉफीत येईपर्यंत हे निम्मं-निम्मं किती वेळा होतं, ते मोजून बघा. मसाला पेल्यातच असतो, नाकापर्यंत पोचत नाही.

गोडीचंही तसंच. जिभेवरच्या चवपेशींमध्ये टीआरपीएम-५ नावाची एक वाहिनी असते. गोड, कडू आणि उमामी या तिन्ही चवींचा निरोप मेंदूकडे जाताना तिच्यातूनच जातो. बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठातल्या कारेल तालावेरा आणि सहकाऱ्यांनी २००५ साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की ही वाहिनी तापमानावर नाचते. १५ ते ३५ अंशांच्या दरम्यान तिचं काम झपाट्याने वाढतं, त्याखाली ती मंदावते. फ्रिजमधून थेट काढलेला आमरस जरा कमी गोड लागतो आणि वितळलेलं आइस्क्रीम नको इतकं गोड, ते यामुळेच.

तिसरं नुकसान आल्याच्या तिखटपणाचं. मिरची आणि आलं यांची ‘चव’ अशी नसतेच. त्यांचे रेणू शरीरातली उष्णता ओळखणारी टीआरपीव्ही-१ ही वाहिनी उघडतात आणि मेंदूला वाटतं, भाजलं. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये ही वाहिनी हुडकली आणि २०२१ चं नोबेल त्यांना आर्डेम पॅटापुटियन यांच्याबरोबर मिळालं. एरवी ती ४३ अंशांच्या पुढच्या उष्णतेला उघडते, म्हणून गरम रस्सा जास्त तिखट लागतो आणि तोच गार झाला की मवाळ. बर्फातल्या सुंठीचीही तीच गत.

पुदिना तेवढा या नियमाला अपवाद. त्यातलं मेंथॉल गारवा ओळखणारी टीआरपीएम-८ ही वाहिनी उघडतं, म्हणजे बर्फ आणि तो एकाच बाजूचे. नाताळातली पेपरमिंट-मोका बर्फात छान जमते, ती म्हणून. मला ती आवडत नाही हा भाग वेगळा. पुदिना माझ्या लेखी चटणीत किंवा टूथपेस्टमध्ये, कॉफीत नाही.

तर उपाय काय? मसाला वाढवून चालत नाही, भुसा वाढतो. दालचिनीच्या सालीत चिकट द्रव्य असतं, पूड ओली झाली की त्याची बुळबुळ होते. शिवाय मसाल्यांचे वासाचे रेणू तेलाच्या जातीचे, त्यामुळे गार पाणी त्यांना धड बाहेर काढत नाही. ते उष्णतेने निघतात आणि साखरेच्या पाण्यात, दुधाच्या सायीत मुरतात. म्हणजे सण आधी चुलीवर करायचा आणि मग गार करायचा. भाचीने उलट केलं होतं.

आम्ही पातेलं चढवलं. भारतीय दुकानातला १०० ग्रॅम गूळ आणि तेवढंच पाणी. जिंजरब्रेडमध्ये खरं म्हणजे मळी घालतात, साखरेचे स्फटिक काढून घेतल्यावर उरणारा काळा, किंचित कडवट पाक. आपल्याकडे कोल्हापूरची काकवी त्याची जवळची बहीण म्हणता येईल, सावत्र म्हणा हवं तर, कारण काकवीतून साखर काढून घेतलेली नसते. मेलबर्नात काकवी नव्हती, गुळाने भागवलं. त्यात बोटभर आलं ठेचून, दालचिनीचा दोन इंचांचा तुकडा आणि चार लवंगा. वर झाकण. झाकण महत्त्वाचं, कारण पाक उकळताना सगळ्या घरभर ‘काय सुंदर वास सुटलाय’ असं आपण म्हणतो, तेव्हा तो वास पातेल्यातून वजा होत असतो. दहा मिनिटं मंद आचेवर, मग गॅस बंद करून झाकण न काढता निवेपर्यंत तसंच.

“पण साखर गार कॉफीत विरघळतच नाही ना, म्हणून पाक करायचा,” भाची म्हणाली. हा समज बहुतेकांचा असतो आणि तो अर्धाच खरा आहे. २० अंशांच्या १०० मिलिलिटर पाण्यात जवळजवळ २०० ग्रॅम साखर विरघळू शकते, शून्य अंशालाही १८० च्या आसपास. दोन चमचे म्हणजे काहीच नव्हे. गार पाण्यात जागा भरपूर असते, वेग नसतो. रेणू हळू हलतात, तळाशी साखरेचा दाट थर बसतो आणि तो उठवायला पाच मिनिटं ढवळत बसायची कुणाची तयारी नसते. पाकात ते काम आधीच झालेलं असतं.

आल्याबद्दल एक इशारा. ताज्या आल्यात झिंजिबेन नावाचं विकर असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं. दक्षिण चीनमधल्या ग्वांगदोंग प्रांतात गरम दूध आल्याच्या रसावर ओतून त्याचं मऊ दही करतात, ते याच्याच जोरावर. कॉफीत हे नको. खळखळून उकळलं की झिंजिबेन मरतं. चहात आलं आधी उकळून घ्या, दूध मागून, हे आपल्या घरोघरी सांगितलं जातं ते उगीच नाही. गुळाचं दुखणं निराळं. गूळ आंबूस, कॉफीचा सामू ५ च्या आसपास आणि दुधातलं केसिन ४.६ ला गोळा होऊन बसतं. उष्णतेत हे गणित आणखी लवकर बिघडतं, म्हणून गुळाचा चहा फाटतो. इथे आपल्याला बर्फाचा फायदाच आहे: पाक गार, कॉफी गार, दूध गार, काही फाटत नाही.

आता कॉफी. रात्रभर गार पाण्यात भिजवून केलेल्या कोल्ड ब्रूचं सध्या फार कौतुक आहे. ती ‘अजिबात आम्ल नसते’ असं सांगितलं जातं. फिलाडेल्फियाच्या थॉमस जेफरसन विद्यापीठातल्या नायनी राव आणि मेगन फुलर यांनी २०१८ मध्ये मोजून पाहिलं. सामू दोन्हींचा जवळपास सारखाच निघाला, एकूण आम्लं मात्र गरम कॉफीत जास्त उतरली होती. कोल्ड ब्रू मवाळ लागते हे खरं, पण मसाल्याच्या सोबतीला मला मवाळ नको होती. आलं आणि गूळ यांच्यासमोर कॉफीने थोडं भांडायला हवं. म्हणून गरमच केली आणि थेट बर्फावर ओतली. जपानात ही पद्धत रूढ आहे. कॉफी क्षणात गार होते, त्यामुळे तिचा वास उडून जायला फारसा वेळच मिळत नाही.

यात हिशेब नीट करावा लागतो आणि तो शाळेतलाच आहे. १ ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात. १०० मिलिलिटर कॉफी ८० अंशांवरून शून्यावर आणायची तर तिच्यातून ८,००० कॅलरी काढून घ्यायच्या. भागाकार केला की उत्तर येतं १०० ग्रॅम. म्हणजे जेवढी कॉफी तेवढाच बर्फ वितळून पाणी होणार आणि कॉफी बरोब्बर निम्म्या ताकदीची होणार. घरच्या आइस्ड कॉफीला पाणचट असण्याचा जो जन्मजात शाप आहे, तो हा. फ्रीजरमधला बर्फ उणे १८ ला असतो, तो शून्यावर येईपर्यंत ग्रॅममागे आणखी ९ कॅलरी पितो, पण त्याने फार फरक पडत नाही. कॉफी आधी ३० अंशांपर्यंत निवू दिली तर ३७-३८ ग्रॅम बर्फातच भागतं. किंवा मग आम्ही केलं तसं: २०० मिलिलिटर कॉफीला लागते तेवढी, म्हणजे १२ ग्रॅम पूड घेऊन तिचं १०० मिलिलिटरच दाट डिकॉक्शन काढलं. उरलेलं पाणी बर्फ घालणार होताच. पेल्यात १२० ग्रॅम बर्फ, त्यावर डिकॉक्शन, दोन मोठे चमचे गाळलेला पाक आणि ६० मिलिलिटर सायीचं दूध. पाक आधी चाखून पाहिला तर तो नको इतका गोड आणि झणझणीत लागला. तसाच लागायला हवा. बर्फ त्याचा काटा काढणारच आहे.

जायफळ मात्र मुद्दामच उकळलं नव्हतं. त्याच्या वासातले हलके रेणू आधी पळतात, म्हणून ते शेवटी, वरून किसायचं. भाचीने किसणी घेतली आणि तिथेच सगळा नाताळ माझ्यापुरता संपला. कॉफी आणि जायफळ! आमच्या घरी पाहुणे आले की चहा नाही, कॉफी व्हायची आणि ती जायफळ-वेलचीचीच. लग्नघरात पहाटे मोठ्या पातेल्यातून वाढली जाणारी कॉफीही तीच. श्रीखंडात, पुरणात जायफळ, आणि तान्ह्या बाळाच्या गुटीत सहाणेवर त्याचे दोन वेढे. वासाचा संदेश नाकातून निघून भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागांपर्यंत फार थेट पोचतो, वाटेतली टपालकचेरी टाळून. पण पत्रात काय लिहिलेलं असतं ते ज्याच्या-त्याच्या घरावर अवलंबून. स्टारबक्सने २००३ मध्ये ‘पंपकिन स्पाइस लाटे’ आणली तेव्हा तिच्यात भोपळा नव्हताच, तो २०१५ मध्ये आला. दालचिनी, जायफळ, आलं आणि लवंग यांच्या जोरावर अमेरिकनांना बारा वर्षं भोपळ्याची पाय खाल्ल्यासारखं वाटत होतं. तेच जायफळ मला गुढीपाडव्याला नेतं.

हे फळ मूळचं इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरचं. त्यातल्या रून नावाच्या चिमुकल्या बेटासाठी डच आणि इंग्रज इतके भांडले, की १६६७ च्या ब्रेडाच्या तहात रून डचांकडे राहिलं आणि मॅनहॅटन इंग्रजांकडे. आता ते कोकणात नारळी-पोफळीच्या सावलीत वाढतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’ अशा जातीही काढल्या आहेत. हात आखडता ठेवावा, एवढंच. चिमूटभर ठीक, पण दोन-तीन चमचे पूड पोटात गेली तर मळमळ, चक्कर आणि भास होतात. ती गंमत नव्हे.

भाचीने पेल्यावर प्लास्टिकचं झाकण लावून स्ट्रॉ खोचला, दुकानात देतात तसा. मी दोन्ही काढून टाकलं. झाकणामुळे वरचं जायफळ नाकाला भेटत नाही आणि स्ट्रॉ घोट सरळ घशाकडे पोचवतो. उघड्या पेल्यातून प्यायचं, घोट तोंडात क्षणभर धरायचा, त्याला अंगाची ऊब लागू द्यायची. पहिल्यांदा फक्त गार आणि कडू लागलं, मग गूळ आला, आणि गिळल्यावर श्वास सोडताना दालचिनी आणि लवंग. आलं सर्वांत शेवटी, घशात.

अर्धा पेला झाला तेव्हा दारावरची घंटा वाजली. कुणीतरी शेजारचं नाताळची खोकी घेऊन आलं होतं आणि बोलणं लांबलं. पेल्यात तेव्हा बर्फाचा एखादाच खडा उरला होता. अर्ध्या तासाने भाची परत आली, उन्हातल्या गॅलरीत राहिलेला पेला उचलून तिने मोठा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“मावशी, तू मागून आणखी पाक घातलास का गं यात?”