कायमची नोकरी की मुदतीचा करार?

भोपाळातील पिपलानी, गोविंदपुरा, बरखेडा या वसाहती एका कारखान्याच्या आधाराने वाढल्या. १९५६ साली भोपाळ मध्यप्रदेशाची राजधानी झाले, आणि त्याच वर्षी वीजनिर्मितीची अवजड यंत्रे येथे तयार करण्यासाठी सरकारी कंपनी स्थापन झाली. आज लोक त्या कारखान्याला ‘भेल’ म्हणून ओळखतात. तेथे लागलेल्या माणसाला राहावयास घर, जवळ दवाखाना, मुलांना शाळा आणि निवृत्तीच्या दिवशी काही पुंजी यांचा भरवसा असे. अनेक मराठी कुटुंबे या भरवशावर येथे स्थिरावली. साहजिकच नोकरी म्हणजे कायमची नोकरी, हे समीकरण या घरांच्या मनात पक्के बसले.

आता याच घरांतील मुलेमुली सॉफ्टवेअरच्या व्यवसायात शिरली आहेत. समजा, त्यांपैकी एखाद्या मुलीच्या हाती एकाच आठवड्यात दोन पत्रे आली. एक कायम नेमणुकीचे, दरमहा ६०,००० रुपयांचे. दुसरे वर्षाच्या कराराचे, दरमहा ८०,००० रुपयांचे. वडील पहिल्या पत्राला पसंती देतात, तर मुलीची नजर दुसऱ्यावर खिळते. कोणाचे बरोबर?

मुदतीवर माणूस ठेवण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. मराठी मुलखातील शेतकरी आजही पाडव्याला सालगडी ठरवितो आणि त्याचा करार पुढच्या पाडव्याला संपतो. सॉफ्टवेअरच्या धंद्यातही असेच एक कारण आहे. तेथील पुष्कळसे काम प्रकल्पांच्या रूपाने येते. एखाद्या बँकेची वा सरकारी खात्याची प्रणाली उभी करावयास चाळीस माणसे लागतात. ती उभी राहिल्यावर देखरेखीला आठ पुरतात. उरलेल्या बत्तिसांच्या रिकाम्या दिवसांचा भार कोणी सोसावयाचा, हा या सबंध प्रश्नाचा गाभा आहे. कायम नोकरीत तो भार बहुतांशी मालक सोसतो. करारात तो कारागिरावर येतो, आणि महिन्याची वरची रक्कम हा त्याचाच मोबदला असतो.

मात्र ‘करार’ या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी वावरतात, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. पहिला प्रकार सल्लागाराचा. हा कोणाचाही नोकर नसतो. तो आपल्या कामाचे बिल देतो. त्याला भविष्यनिर्वाह निधी नाही, भरपगारी रजा नाही, आणि वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपलीकडे गेली की वस्तू व सेवा कराची नोंदणी त्यालाच करावी लागते. दुसरा प्रकार ठेकेदार कंपनीच्या नोकराचा. त्याची खुर्ची एका कचेरीत असते, पण पगार दुसरीकडून येतो. तो कोणाचा तरी नोकर असतो, आणि त्याचे नोकर म्हणून असलेले हक्क त्या ठेकेदाराकडे मागावयाचे असतात. तिसरा प्रकार मुदतबंद नोकराचा. त्याची नेमणूक खुद्द मालकच ठराविक काळासाठी करतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या श्रमसंहितांनी अशा नोकराला कायम नोकरांच्या बरोबरीच्या सवलती आणि एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आहे. कायम नोकराला त्यासाठी सामान्यतः पाच वर्षे थांबावे लागते. म्हणून पत्रावरील आकड्याआधी पाहावयाचे ते हे, की पत्र कोणाच्या नावाने आले आहे आणि त्यात ‘नोकर’ म्हटले आहे की ‘सल्लागार’.

त्या मुलीचे दुसरे पत्र सल्लागाराचे आहे असे धरून हिशेब मांडून पाहू. बाराही महिने काम मिळाले तर वर्षाचे ९,६०,००० रुपये होतात. दोन महिने रिकामे गेले तर ८,००,०००. कायम नोकरीचे होतात ७,२०,०००. परंतु कायम नोकरीत मूळ पगार ३०,००० असेल आणि त्यावर मालक १२ टक्के निधी भरत असेल, तर वर्षाला ४३,२०० रुपये वेगळे जमतात. वर्षामागे पंधरा दिवसांच्या हिशेबाने ग्रॅच्युइटीचे सुमारे १७,३०० धरावेत. म्हणजे दोन महिने रिकामे गेल्यास ८०,००० च्या फरकातून जेमतेम १९,५०० उरतात, आणि आजारपणाचा विमा व नवे शिक्षण त्यातूनच भागवावयाचे असते. कामात खंड पडलाच नाही, तर मात्र करार निश्चितपणे सरस ठरतो. मुलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट हिशेबात धरली पाहिजे. दहा वा अधिक माणसांच्या आस्थापनेतील नोकर स्त्रीला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी कायद्याने २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. सल्लागार स्त्रीला ती मिळत नाही.

बायबलातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यात दिवस कलेपर्यंत बाजारात ताटकळलेल्या मजुरांनाही धनी पूर्ण दिवसाची मजुरी देतो. ती त्या धन्याची उदारता होय. धंद्याच्या बाजारात असा धनी क्वचितच भेटतो. म्हणून ताटकळण्याचे तास ज्याने त्याने आपल्या दरात आधीच धरून ठेवावेत.

भोपाळात हे अधिकच खरे आहे. येथे सरकारी खात्यांचे काम निविदेने येते, आणि निविदेची मुदत सरली की माणसांची गरजही सरते. घरी बसून दूरच्या गिऱ्हाइकाचे काम करण्याची सोय आता झाली आहे, परंतु ती ज्याचे नाव झाले आहे त्याच्या कामी अधिक येते. सरकारात ‘संविदे’वर लागलेल्या पुष्कळांना वाटते की, चिकटून राहिले म्हणजे आपोआप कायम होऊ. २००६ साली उमादेवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट सांगितले की, केवळ दीर्घकाळ काम केल्याने सरकारी नोकरीत कायम होण्याचा हक्क उत्पन्न होत नाही. नंतरच्या काही निकालांत आणि धोरणांत अशा नोकरांना दिलासा मिळाला आहे, हे खरे. पण नुसत्या आशेवर घर चालत नाही.

उलटपक्षी ‘कायम’ या शब्दावरही डोळे मिटून विसंबता येत नाही. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या बलाढ्य कंपनीने सुमारे १२,००० माणसे कमी करण्याचे जाहीर केले. शिवाय एकाच जुन्या प्रणालीवर दहा वर्षे काढणाऱ्याच्या हातचे कसब गंजते, आणि ही हानी पगाराच्या पत्रकात दिसत नाही.

तेव्हा वडिलांची काळजी आणि मुलीची उमेद, दोन्ही रास्त आहेत. ज्याचे शिक्षण नुकतेच संपले आहे, ज्याला हाताखाली घेऊन शिकविणारे कोणी हवे आहे किंवा ज्याच्यावर घराचे कर्ज आहे, त्याने कायम वा मुदतबंद नोकरी पाहावी. ज्याच्या हाती कसब आहे, चार गिऱ्हाइके ज्याला नावाने ओळखतात आणि सहा महिन्यांचा घरखर्च ज्याच्या गाठीशी आहे, त्याने कराराला भिण्याचे कारण नाही. सही करण्यापूर्वी दोघांनीही विचारावे: काम थांबले तर किती दिवसांची सूचना मिळेल? आजारी पडलो तर खर्च कोणाचा? आणि हे काम संपेल तेव्हा आज येत नाही असे काय आपणास येत असेल?